"मनावर घेतलं तर सुटेल": व्यसनाबद्दल हे वाक्य कुठे कमी पडतं?

पाणंद

नमस्कार मंडळी. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या व्यसनमुक्ती विभागात समुपदेशक आहे. रुग्णाबरोबर आलेली आई, बायको किंवा थोरला भाऊ खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकतात, "मॅडम, यानं मनावर घेतलं ना, तर एका दिवसात सुटेल. पण हा मनावरच घेत नाही." या वाक्यामुळे घरंच्या घरं चुकीच्या ठिकाणी जोर लावत बसतात, म्हणून हा धागा काढते आहे.

समोर बसलेल्या माणसाने मनावर घेतलेलं असतं, तेही अनेकदा. पंढरपूरला जाऊन तुळशीची माळ घातलेली असते, जेजुरीला भंडारा उचललेला असतो, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलेली असते. त्या क्षणी ती शपथ खरी असते, हे मी खात्रीने सांगते. मग ती मोडते का?

१९५४ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात ओल्ड्स आणि मिल्नर या दोघांनी उंदरांच्या मेंदूत एका विशिष्ट भागात बारीक तार बसवली. खटका दाबला की तिथे विजेचा सौम्य झटका मिळायचा. उंदीर तो खटका तासाला शेकडो वेळा दाबत राहिले. मेंदूत असं काहीतरी आहे जे "हे पुन्हा कर" असं सांगतं, हे तेव्हापासून कळू लागलं. जेवण, मैथुन, मुलाला कुशीत घेणं, या सगळ्यांनी ती यंत्रणा जागी होते, त्यात डोपामिन नावाचं रसायन काम करतं. दारू, गर्द (ब्राउन शुगर, हेरॉईनचाच एक प्रकार), एमडी (मेफेड्रोन), तंबाखू हे पदार्थ त्याच यंत्रणेवर थेट आणि कितीतरी जोरात काम करतात. पुन्हा पुन्हा तसं झालं की मेंदू त्या पदार्थाला अन्नपाण्याच्या पंगतीत बसवतो, किंबहुना वरच्या पाटावर. त्याच वेळी कपाळामागचा जो भाग "थांब, उद्या कामावर जायचंय" असं म्हणतो, तो दुबळा होत जातो. हा भाग पूर्ण तयार व्हायला वयाची पंचविशी उजाडते, म्हणून पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुरू झालेलं व्यसन जास्त घट्ट बसतं.

म्हणजे आपण ज्या मनाला "घे मनावर" म्हणतो आहोत, त्यातलाच लगाम धरणारा हात लुळा पडलेला असतो. रोज एकाच वाटेला जुंपलेला बैल कासरा सैल पडला की आपोआप त्या वाटेला वळतो, तसं संध्याकाळी सहाला पाय गुत्त्याकडे वळतात. वळल्यावर माणसाला कळतं की आपण वळलो.

हे सगळ्यांचंच होतं असंही नाही. पिणाऱ्या सगळ्यांनाच व्यसन लागत नाही. साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो असं जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं. उरलेल्यात लहानपणचे घाव, सुरुवातीचं वय, सोबत असलेलं नैराश्य किंवा चिंता, आणि पदार्थ किती सहज मिळतो, हे सगळं येतं.

एक आकडा मला फार छळतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातले जवळपास ३ कोटी दारूवर अवलंबून आहेत. या अवलंबून असलेल्यांपैकी ३८ जणांत एकाला कुठलेतरी उपचार मिळाल्याचं दिसलं. बाकीचे ३७ शपथा घेत राहतात.

तुमचे अनुभव, प्रश्न, विरोध, सगळं लिहा. जमेल तशी उत्तरं देईन.

---

सज्जनगडचा_वारा

लेख वाचला. माहिती चांगली आहे, पण मला हे आजार प्रकरण पटत नाही, स्पष्टच लिहितो. माझ्या चुलत्याने पाच एकर बागायत दारूत घातली. चुलती लोकांच्या रानात खुरपायला गेली. चुलत भावाची शाळा सुटली. त्याला कुणी तोंड उघडून पाजली नव्हती. आता डॉक्टर म्हणणार, मेंदूचा आजार. म्हणजे त्याची काहीच चूक नाही आणि चुलतीने सेवा करायची? आजार म्हटलं की माणूस जबाबदारीतून सुटतो. एवढ्यासाठी माझा विरोध आहे.

---

पाणंद

@सज्जनगडचा_वारा, तुमचा राग रास्त आहे. तो राग घरात कुणीतरी मोठ्याने बोलायलाच हवा होता.

पण आजार आणि जबाबदारी या दोन्ही गोष्टी एका माणसात एकत्र राहू शकतात. मधुमेह झाला हा माणसाचा गुन्हा नाही, तरी गोळी वेळेवर घेणं त्याचंच काम असतं. आमच्याकडे उपचार घेणाऱ्याला आपण घरच्यांचं काय काय नुकसान केलं ते लिहून काढावं लागतं, बायकोसमोर वाचावं लागतं, आणि जे भरून देता येईल ते भरून द्यावं लागतं. ते लिहिताना भल्याभल्यांच्या पेनाला घाम फुटतो. यातून कुणी सुटत नाही.

तुमच्या चुलतीने सेवा करायची, असं मी मुळीच म्हणत नाही. तिने आधी स्वतःचं आणि मुलांचं सांभाळायचं.

आणि एक गोष्ट. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या सैनिकांमध्ये हेरॉईन फार पसरलं होतं. साधारण पाचातला एक सैनिक तिथे त्यावर अवलंबून होता. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी ते मायदेशी परतल्यावर त्यांचा माग काढला. पहिल्या वर्षात त्यातले जेमतेम ५ टक्के पुन्हा त्या अवस्थेला गेले. पदार्थ तोच, माणसं तीच. बदललं ते भोवताल. हातात स्वस्त हेरॉईन आणि डोक्यावर मरण, ही स्थिती गेली. म्हणून आम्ही दारूइतकंच माणसाच्या संध्याकाळीबद्दल विचारतो. कुणासोबत बसतो, पगार कुठल्या दिवशी होतो, घरी गेल्यावर कुणी बोलतं का.

---

गोदाकाठ

माझं नाशिक जिल्ह्यात मेडिकल आहे. सगळे दारू आणि गर्दवर बोलतात, मला गोळ्यांबद्दल लिहायचंय.

मालेगाव भागात अल्प्राझोलामला, म्हणजे चिंतेवर-झोपेसाठी देतात त्या गोळीला, "कुत्ता गोळी" म्हणतात हे आता पेपरात वाचून सगळ्यांना माहीत झालंय. कोडीनवालं खोकल्याचं औषध बाटलीच्या बाटली पिणारी पोरं आहेत. जिममधली पोरं मेफेंटरमिनचं इंजेक्शन मागायला येतात. ते खरं तर ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब घसरला तर देतात. पोरं ते शिरेत घेतात, जास्त वजन उचलता यावं म्हणून. हृदयावर काय परिणाम होतो त्याची कल्पना नसते.

कायद्याने अल्प्राझोलाम, कोडीन, ट्रॅमाडॉल (वेदनाशामक) ही सगळी औषधं शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या यादीत आहेत. २०१४ पासून ती देताना वेगळ्या रजिस्टरमध्ये रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहावं लागतं, रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. हे नीट पाळणारे दुकानदार आहेत, न पाळणारेही आहेत. माझ्या धंद्यातल्या लोकांबद्दल लिहिताना वाईट वाटतं, पण लिहायलाच हवं.

सगळ्यात न दिसणारं व्यसन मात्र चाळिशी-पन्नाशीच्या बायकांचं आहे. नवरा गेला, मूल गेलं, झोप उडाली, म्हणून डॉक्टरांनी काही आठवड्यांसाठी गोळी दिली. ती चिठ्ठी जुनी होऊन घड्यांवर फाटते, तरी गोळी चालूच. त्या बाईला कुणी व्यसनी म्हणत नाही, तीही स्वतःला म्हणत नाही. "तेवढी माझी झोपेची द्या हो भाऊ." आता मी अशांना सांगतो, ताई, ही अचानक बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांकडे जा, ते पाव-पाव करून कमी करतील.

---

मोकळा_श्वास

गोदाकाठ दादा, फार बरं केलं हे लिहिलंत.

मी गर्दवर होतो. डोंबिवली-ठाणे-कुर्ला या पट्ट्यात पुडी कुठे मिळते हे मला लोकलच्या टाइमटेबलइतकं पाठ होतं. आता बरीच वर्षं स्वच्छ आहे. ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांच्यासाठी लिहितो.

टर्की म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगणं अवघड आहे. माल मिळाला नाही की आधी जांभया येतात, नाक-डोळे वाहायला लागतात. मग अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, हाडांच्या आत कुणीतरी पिळतंय असं वाटतं. पाय आपोआप झाडले जातात. रात्र संपत नाही. घरचे बघतात आणि घाबरून स्वतःच पैसे देतात, "जा बाबा, घेऊन ये." मी माझ्या आईचा चेहरा तेव्हा बघितलाय. धडधाकट तरुण माणूस गर्दच्या टर्कीने सहसा मरत नाही, पण जुलाब-उलट्यांनी पाणी फार कमी झालं तर जीवावर बेततं, म्हणून तेही दवाखान्यात केलेलं बरं. आता औषधं आहेत, जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी आहे. तिने तलफ आणि टर्की दोन्ही आवरतात. काही लोक नाक मुरडतात, "एक सोडून दुसरी लावली" म्हणतात. त्या गोळीवर कामाला जाणारी, ईएमआय भरणारी, मुलांना शाळेत सोडणारी माणसं मला माहीत आहेत. पुडी मारून यातलं काही जमत नाही.

माझा मुद्दा मात्र टर्कीनंतरचा आहे. दहा-बारा दिवसांत अंग मोकळं होतं, भूक लागते, चेहऱ्यावर तेज येतं. घरी पेढे वाटले जातात. "सुटली बाबा एकदाची." पण खरं काम तेव्हा सुरू होतं. माझ्या बाबतीत चॉकलेटच्या चांदीचा आवाज आला तरी छातीत धडधडायचं, कारण गर्द अशाच पन्नीवर जाळून धूर ओढायचो. एक ठरावीक स्टेशन आलं की तोंडाला पाणी सुटायचं. पगाराचा दिवस सगळ्यात धोक्याचा. हे घरच्यांना दिसत नाही, म्हणून ते म्हणतात आता काय प्रॉब्लेम आहे?

आणि अगदी महत्त्वाचं: सोडल्यानंतर शरीराची सवय उतरलेली असते. काही महिन्यांनी पाय घसरला आणि माणसाने जुनाच डोस मारला तर श्वास थांबतो. माझे दोन मित्र असे गेले, दोघेही केंद्रातून बाहेर पडल्यानंतर. घरातला कुणी स्लिप झाला, म्हणजे पुन्हा घेऊ लागला, असा संशय आला तर आरडाओरडा नंतर करा. तो शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, ओठ निळे पडलेत का, ते आधी बघा आणि १०८ ला फोन करा.

नार्कोटिक्स अनॉनिमस, म्हणजे व्यसन सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट, त्याच्या मीटिंगला अजून जातो. तिथे शिकलो ते: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चारांपैकी काही असेल तेव्हा निर्णय घ्यायचे नाहीत. आधी जेवायचं, झोपायचं किंवा कुणाला तरी फोन करायचा.

---

जुनी_पेठ

मोकळा_श्वास, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

१९८० नंतरची ती वर्षं पुण्या-मुंबईत ज्यांनी पाहिली आहेत त्यांना आठवेल, गर्द नावाचं काहीतरी आलंय आणि चांगल्या घरची मुलं चोऱ्या करू लागली आहेत, एवढंच ऐकू यायचं. लेखक अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याला मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. अनिता अवचट स्वतः मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या, केंद्राची सगळी घडी त्यांनी बसवली. मुंबईत त्याच्याही आधी, १९८१ साली, फादर जो परेरांनी कृपा फाउंडेशन ही व्यसनमुक्तीचीच संस्था सुरू केली होती.

हे सांगायचं कारण असं की पाणंद यांच्या लेखातला विचार आपल्याकडे नवा नाही. मुक्तांगणमध्ये सुरुवातीपासून व्यसनी माणसाला मित्र म्हणून वागवलं गेलं, आणि बायकांसाठी "सहचरी" नावाचा वेगळा गट चालवला गेला. एवढ्या वर्षांनंतरही बहुतेक घरांत पहिला उपाय शपथ आणि दुसरा उपाय लग्न असतो. "लग्न करून द्या, सुधारेल" या सल्ल्याने किती मुलींचं वाटोळं झालं असेल.

---

चिमणीचं_घर

मी पहिल्यांदाच लिहितेय इथं. सोलापूरकडची आहे. जुनी पेठ काका, तुम्ही लिहिलंय तीच मी मुलगी.

आमचे मालक रोज पितात. आधी फक्त शनिवार-रविवार, आता सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतात म्हणून चपटी लागते, मग हात स्थिर होतो. सासूबाईंनी भिंतीवरची जाहिरात बघून "न सांगता दारू सोडवा" म्हणून पावडर मागवली. आमटीत टाकली. त्या दिवशी ते पिऊन आले, जेवले आणि तोंड लालभडक झालं, उलट्या, छाती इतकी धडधडत होती की शेजारच्या रिक्षानं दवाखान्यात नेलं. वाचले. सासूबाई म्हणतात औषध लागू पडतंय, चालू ठेवू. मला लई भीती वाटते. आणि त्यांना उद्यापासून घरात कोंडून ठेवू, दारू मिळूच द्यायची नाही, असं दीर म्हणतात. काय करू?

---

मनोवैद्य

@चिमणीचं_घर, ताई, ती पावडर आजच बंद करा. तिच्यात काय आहे ते पाकिटावर नसेलच, पण तुम्ही वर्णन केलेली लक्षणं डायसल्फिरामसारखी आहेत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये या औषधाचा हा गुण लक्षात आला. दारूचं शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि पुढे तेही मोडतं. हे औषध ते पुढचं मोडणं अडवतं. मग ते विष साचतं, चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, हृदयाचे ठोके बिघडतात. हृदय किंवा यकृत आधीच खराब असेल तर माणूस दगावतो. औषध म्हणून ते आम्हीही देतो. पण तपासण्या करून, रुग्णाला सगळं समजावून, त्याची संमती घेऊन, आणि "हे घेतल्यावर दारू प्यायलास तर काय होईल" हे त्याच्या तोंडून वदवून घेऊन. त्याचा उपयोगच मुळी त्या माहितीमुळे होतो. नकळत दिलं तर तो विषप्रयोग आहे.

दुसरं, दिरांना थांबवा. सकाळी हात थरथरतात आणि घोटभर घेतल्यावर थांबतात, याचा अर्थ शरीर दारूवर अवलंबून आहे. अशा माणसाची दारू घरात कोंडून एकदम बंद केली तर पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम सुरू होतो: अंगावर किडे दिसतात, कुणी मारायला आलंय असं वाटतं, दिवस-रात्र कळत नाही, ताप येतो, घाम फुटतो. लोक देवऋष्याकडे नेतात. हा तातडीचा आजार आहे, उपचार न झाल्यास जीव जातो. रुग्णालयात हेच चार-पाच दिवस लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड यांसारखी शांत करणारी औषधं कमी कमी करत देऊन सुखरूप निघतात. ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनंही लागतात, कारण पिणाऱ्यांच्या शरीरात ते उरलेलं नसतं आणि त्याअभावी मेंदूला कायमची इजा होते. गल्लीतल्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नका. ब-१ आधी किंवा सोबत हवं.

रुग्णालयात पोचेपर्यंत त्यांची नेहमीची दारू जबरदस्तीने तोडू नका. हे मी डॉक्टर म्हणून लिहितोय, नीट वाचा.

---

पाणंद

चिमणीताई, डॉक्टरांनी औषधाचं सांगितलं, मी घरचं सांगते.

बोलायचं असेल तर सकाळी बोला, पिऊन आल्यावर नाही. "तुम्ही असे, तुम्ही तसे" यापेक्षा घडलेलं सांगा: "परवा रिक्षातून नेताना मला वाटलं तुम्ही गेलात." कामावर "ताप आलाय" म्हणून फोन करणं थांबवा. गुत्त्यावरची उधारी तुम्ही भरू नका. हे करताना आपण निर्दयी झालो असं वाटेल. तुम्ही आजवर झेललेले परिणाम त्यांच्यापर्यंत पोचू देताय, एवढंच आहे ते. पोचल्याशिवाय माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही.

मारहाण होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि इथे लिहायची गरजही नाही. होत असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला ११२ आहे. दारूच्या नशेत मारलं म्हणून २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागू होत नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आधी तुम्ही आणि मुलं सुरक्षित, मग त्यांचे उपचार. हाच क्रम.

व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे, आणि मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६. फोन तुम्हीही करू शकता, त्यांनीच करावा असं नाही.

---

एक_बाप

माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला पुण्यात आहे. तो एमडी घेतो हे त्याच्या रूममेटने सांगितलं. आम्ही घरी आणलं. दोन दिवस नुसता झोपला, नंतर जेवला, आता भिंतीकडे बघत बसतो, म्हणतो जगण्यात काही राम नाही. दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल, करिअर जाईल, असं नातेवाईक सांगतात. गावाजवळच्या एका खासगी केंद्राचे लोक गाडी घेऊन यायला तयार आहेत, म्हणाले झोपेत उचलून नेऊ, तीन महिने भेटायचं नाही. तिथे पोरांना मारतात असंही कानावर आलंय. मला काही सुचत नाही.

---

मनोवैद्य

काका, "जगण्यात राम नाही" हे वाक्य आज गंभीरपणे घ्या. एमडी म्हणजे मेफेड्रोन, उत्तेजक पदार्थ. ते थांबल्यावर गर्दसारखी अंगाची टर्की येत नाही, पण मन खोल गाळात जातं आणि आत्महत्येचे विचार येऊ शकतात. त्याला एकटं सोडू नका, आणि उद्याच मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. असे विचार आता, या घडीला येत असतील तर उद्याची वाट न बघता रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. त्याला विचारा, "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट मुलगा बोलता होतो.

---

काळा_कोट

कायद्याचं मी सांगतो. वकिली छत्रपती संभाजीनगरला.

उपचारासाठी आलेल्या रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार डॉक्टरांवर बंधनकारक आहे आणि व्यसन या कायद्यात येतं. मुलाला दवाखान्यात नेलं म्हणून गुन्हा दाखल होत नाही.

अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. सेवनासाठी कलम २७ आहे. पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंतची शिक्षा, किंवा दंड. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे, ते फार थोड्यांना माहीत असतं. सेवनाचा किंवा अल्प मात्रा बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं. अल्प मात्रा म्हणजे हेरॉईनसाठी ५ ग्रॅम, मेफेड्रोनसाठी २ ग्रॅम. मेफेड्रोन ५० ग्रॅमवर गेलं की व्यावसायिक मात्रा, तिथे किमान दहा वर्षं. मुलं खर्च भागवायला मित्रांना पुड्या पुरवू लागतात, आणि कायद्याच्या नजरेत सेवन करणारा एका रात्रीत विक्रेता होतो. मुलाशी हे बोला.

झोपेत उचलून नेणं सरळ बेकायदा आहे. इच्छेविरुद्ध दाखल करायची वेळ आलीच तर २०१७ च्या कायद्यात त्याची रीत घालून दिली आहे: नामनिर्देशित व्यक्तीचा (रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्याचा) अर्ज, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी, ठरावीक मुदत. साखळीने बांधायला कलम ९५ ने पूर्ण बंदी आहे. केंद्राचं राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडचं नोंदणीपत्र बघायला मागा. डॉक्टर रोज येतात का, आत जाऊन बघू देतात का, मुलाला फोन करता येतो का, हे विचारा. "तीन महिने भेटायचं नाही" म्हणणाऱ्या ठिकाणी मुलाला ठेवू नका.

---

झाडीपट्टी

मी गडचिरोलीची. आमच्याकडे १९९३ पासून दारूबंदी आहे. लोकांनी, विशेषतः बायांनी, चळवळ करून आणलेली. बाहेरचे विचारतात, बंदीने काय झालं? चोरून मिळतेच की. मिळते, खरं आहे. पण गल्लीत दुकान असणं आणि जंगलाच्या कडेला शोधत जाणं, यात फरक पडतो. कालच्या चर्चेत भोवतालाचं लिहिलंय ना, तेच. २०१६ पासून मुक्तिपथ हे दारू-तंबाखूविरोधी अभियान चालू आहे. गावागावांत बायांच्या संघटना आहेत, पिणाऱ्यांसाठी गावातच क्लिनिक भरतं. बंदी करून उपचार दिले नाहीत तर पिणारा तसाच राहतो, आणि नुसते उपचार दिले पण दुकान दारात ठेवलं तरी तो तसाच राहतो. आम्हाला दोन्ही हवं.

आणि कृपा करून खर्रा विसरू नका. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून. आमच्याकडे शाळकरी पोरांच्या खिशात असतो. पाहुण्याला पाण्याआधी खर्रा विचारतात. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले जवळपास २४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू घेत होते, ओढणारे ४ टक्क्यांच्या आत. तोंडाच्या कॅन्सरची रांग बघायची तर नागपूरला जा. याला कुणी व्यसनमुक्ती केंद्रात नेत नाही, कारण खर्रा खाऊन कुणी बायकोला मारत नाही.

---

सज्जनगडचा_वारा

सगळे प्रतिसाद वाचले. माझा राग गेलेला नाही. चुलते वारले, त्यामुळे आता तो कुणावर काढायचा हाही प्रश्न आहे. पण चुलत भाऊ अलीकडे रोज बसतो असं कळलंय. पाणंद ताई, आनुवंशिकतेचं लिहिलंय तुम्ही. त्याच्याही नशिबी तेच आहे का?

---

पाणंद

नाही. धोका जास्त आहे, एवढंच. व्यसनी बापाची बहुसंख्य मुलं स्वतः व्यसनी होत नाहीत. पण रोज बसतो म्हणजे आत्ताच बोलायची वेळ आहे. तुम्ही भाऊ आहात, तुमचं तो ऐकेल. त्याला चार गोष्टी विचारा: कमी करावी असं वाटलं का, कुणी बोललं तर राग येतो का, नंतर अपराधी वाटतं का, आणि सकाळी उठल्यावर लागते का. दोनांना "हो" आलं तर डॉक्टरकडे. सकाळी लागत नसेल तर बऱ्याचदा भरती न होताही भागतं. बापाच्या गोष्टी काढू नका. त्या त्याला तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

आणि उपचारानंतर पुन्हा प्यायला तर "बघा, मी म्हणत नव्हतो" म्हणू नका. व्यसनात उलटण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के आहे, दमा आणि रक्तदाबाच्या रुग्णांतही साधारण तेवढंच असतं. दम्याचा झटका पुन्हा आला तर आपण पंप पुन्हा सुरू करतो. इथेही परत फॉलोअपला आणायचं, शक्य तितक्या लवकर.

---

एक_बाप

आज दाखवून आलो. डॉक्टर मुलाशी एकट्याशी बोलले, मग आम्हाला बोलावलं. नैराश्याची औषधं सुरू केलीत, दर आठवड्याला समुपदेशन. कॉलेजला फक्त वैद्यकीय रजेचा दाखला दिला, त्यावर कारण लिहिलेलं नाही. खासगी केंद्रवाल्यांना नाही म्हणून कळवलं. काळा कोट साहेब, मनोवैद्य साहेब, आभार.

---

चिमणीचं_घर

ताई, मी सकाळी बोलले, तुम्ही सांगितलं तसं. रिक्षातलं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले चल जाऊ, पण कोंडायचं नाही. सोमवारी सिव्हिलला जातोय. जाताना काय काय न्यायचं? त्यांना काय विचारतील?

---

पाणंद

फार चांगलं केलंत. ओपीडी सकाळची असते, केसपेपरला रांग असते, लवकर निघा. मानसोपचार विभाग विचारा. त्यांचं आधार कार्ड, आधीच्या दवाखान्याचे कागद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घ्या. रोज किती पितात, शेवटची कधी घेतली, कधी फिट आली होती का, काविळ झाली होती का, हे विचारतील. खरं प्रमाण सांगा, कमी करून सांगू नका, कारण औषधाचा डोस त्यावर ठरतो. रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या होतील. भरती करतील असं धरून एक जोडी कपडे ठेवा. सोमवारपर्यंत दारू एकदम बंद करू नका, डॉक्टरांनी वर लिहिलंय ते दिरांना वाचून दाखवा. मध्येच फिट आली किंवा बडबड सुरू झाली तर सोमवारची वाट न बघता १०८.

आणि सासूबाईंना सोबत न्या. ती पावडर किती दिवस दिली आणि किती टाकली ते त्यांनाच माहीत आहे. उरलेलं पाकीटही पिशवीत टाका, डॉक्टरांना ते बघावं लागेल.